नलूताईंनी कापलेले मार्क

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी धसईच्या बाजारात लाल तांदूळ विकत बसले होते. समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला तांदूळ मोजून दिला आणि मग पाटी आवरायला घेतली. रडू नंतर आलं. आधी आला तो राग... या बाईशी अजून कितीतरी बोलायचं होतं आणि ही निघूनही गेली.

नलूताई शहापूरच्या एका संस्थेत होत्या. शेतकऱ्यांचे गट, बायकांच्या खानावळी, शहरातल्या लोकांची सेंद्रिय फार्महाऊसं... जो कुणी 'आम्ही निसर्गाला धरून पिकवतो' म्हणेल, त्याचं म्हणणं कितपत खरं आहे ते बघणं हे त्यांचं काम. बियाणं घरचं की विकतचं, शेण कुठून येतं, मजुराला काय मिळतं, पिकवणारा स्वतः काय खातो, सगळं खोदून विचारायच्या. बोलणं गोड, पण मार्क देताना हात आखडता. माहेर तानसाकडचं, भातशेतीवाल्यांचं, त्यामुळे त्यांना गंडवायची सोय नव्हती.

मुरबाडच्या डोंगराकडच्या आमच्या गावात बायकांचा गट आहे. आम्हाला त्या संस्थेकडून भात भरडायची छोटी गिरणी मिळायची होती. मोठ्या गिरणीत आमचा लाल तांदूळ पॉलिश होऊन पांढरा पडतो, मग त्याला कोण विचारणार? ती गिरणी नलूताईंच्या मार्कांवर अडली होती. बियाणं आमचं, खत आमचं, एकमेकींच्या शेतावर आम्ही मजुरी न घेता जातो. हे बघून त्या खूश झाल्या आणि राबावर येऊन थांबल्या. जिथे भाताचं रोप करायचं त्या जागेवर उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा पसरून जाळायचा, तो राब. तण मरतं, रोप जोमाने येतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय.

"जाळलं की मार्क जातात गो," त्या म्हणाल्या.

"ताई, तुमच्या माहेरी काय करतात?" मी विचारलं.

"राबच. आईच्या लुगड्याला त्याचाच वास असायचा. म्हणून तर सांगते. ते ऐनाचं झाड बघ, राबासाठी दर साली तेच तोडता, पार बोडकं केलंय तुमी. याला चांगलं कसं म्हणू?"

त्यांनी मार्क कापले. त्याचा राग मी गिळला असता. गावाबाहेर मुंबईच्या एका माणसाचं कुंपण घातलेलं फार्म आहे, तिथेही त्यांनी कमीच मार्क दिले होते. वाडीवरची माणसं तिथे राबतात आणि त्यांच्या ताटात तिथली भाजी कधी येत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण तो अहवाल वरच्या ऑफिसात गेला आणि 'सुधारला'. तिथे कुणी काही जाळत नव्हतं ना! आमचा मात्र जसाच्या तसा राहिला. आमच्यासाठी फोन करणारं कोण होतं? गिरणी तिकडे गेली. पाहुण्यांना दाखवायला ठेवली आहे, असं ऐकते. नलूताई ऑफिसात जाऊन तावातावाने भांडल्या, काही उपयोग झाला नाही. मी म्हटलं, "तुमचा खरेपणा आमच्यावरच चालतो."

गेल्या वर्षी माझ्या शेताच्या कोपऱ्यातला एक वाफा त्यांनी मागून घेतला. राबाशिवाय रोप करून दाखवते म्हणाल्या. शेणखत घातलं आणि तण मातलं. दुखरे गुडघे सांभाळत एकट्या तण बेणत बसायच्या. शेजारची हिरा हसायची, "ताई, काडी लावा नि मोकळ्या व्हा." लावणीपर्यंत रोप काही धड झालं नाही. "पुढल्या साली बघू," म्हणाल्या.

त्या गेल्या आणि राब भाजायची वेळ आली. आम्ही सगळी जागा भाजली, तेवढा वाफा सोडून. तसं कुणी ठरवलं नव्हतं. आग तिकडे सरकायला लागली तेव्हा हिरानेच काठीने पेटता पाला अलीकडे ओढला. पावसाच्या तोंडावर मी तिथेही बी टाकलं. आता तिथलं रोप बुटकं आणि पिवळट आहे, तण मात्र ढीगभर. राबाशिवाय रोप होत नाही, शेवटी माझंच खरं ठरलं. ते कबूल करायला त्या नाहीत, याचा नुसता संताप येतो. रोज सकाळी मी आधी त्या वाफ्यात बसते, तण उपटते आणि त्यांच्याशी मोठ्याने भांडते. परवा हिरा बांधावर येऊन उभी राहिली.

"कोणाशी बोलतेस गो?"

मी तण उपटत राहिले. ती लुगडं खोचून माझ्या बाजूला बेणायला बसली.