विलास शेलारांचा खांदा

गेल्या वर्षीच्या शिमग्यात, होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पालखी उठायच्या क्षणाला, नायक विलास शेलार यांना त्यांच्याच गावकीने दंडाला धरून बाजूला सारलं. नायक हा सैन्यातला हुद्दा. गावकी म्हणजे गावचा कारभार बघणारी वडीलधारी मंडळी. पोलादपूर तालुक्यातल्या त्या डोंगरवाडीत पालखीच्या पुढच्या दांडीखालचा पहिला खांदा शेलारांच्या घराचा आहे. आजोबांचा होता, वडिलांचा होता, विलासचा होता. सरहद्दीवर गस्त घालताना त्याचा पाय सुरुंगावर पडला, डावा पाय गुडघ्याखाली गेला, आणि गावकी म्हणाली, "तुला आता झेपायचं नाय रे."

त्याला विचारलंसुद्धा नाही. नवा पाय लावून तो घरापासून सहाणेपर्यंत (देवाची पालखी टेकते तो चौथरा) अख्खी चढण चढून आला होता, ते कुणाच्या डोळ्यांना दिसलं नाही. हीच वाडी. इस्पितळातून परतला तेव्हा हिनेच त्याची मिरवणूक काढली, नाक्यावर त्याचा फलक लावला. फलकावर छापायला शूर आणि खांदा द्यायला लंगडा? वर रीत अशी, की सलग दोन शिमगे एखाद्या घराचा खांदा लागला नाही तर मान पुढच्या घराकडे जातो. कायमचा. म्हणजे या शिमग्यात नाही तर कधीच नाही.

हे मला फोनवर सांगितलं मंगलताईंनी. जखमी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी महाडजवळ बिरवाडीत एक लहानशी संस्था आहे, तिच्या त्या अध्यक्ष. सांगलीत आम्ही काही जण अन्यायाविरुद्ध पत्रकं छापून वाटतो, त्यातलं एक त्यांच्या हाती लागलं होतं. म्हणाल्या, "तुम्ही पत्रकं काढता ना? मग या, बघा आणि लिहा. पण रडकं लिहिणार असाल तर एसटीचं तिकीट काढू नका."

मी काढलं. सांगलीहून सातारा, तिथून महाबळेश्वरमार्गे महाड. आंबेनळी घाट उतरताना गाडी एकेका वळणावर अशी झुकते की शेजारचा माणूस आपोआप नातेवाईक होतो. माझ्या पुढच्या बाकावरच्या काकूंनी पोटातलं सगळं खिडकीबाहेर सोडलं, आणि माझी खिडकी नेमकी त्यांच्या मागची, तीही उघडी. पत्रकांचा अर्धा गठ्ठा वाया गेला. काकू तोंड पुसत मागे वळल्या आणि मलाच म्हणाल्या, "अगो, काच लावायची ना!" बरोबरच होतं त्यांचं.

घाट संपला आणि खाली पोलादपूर दिसलं. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये तव्यासारखं तापलेलं गाव, आणि वाळलेल्या गवताच्या पिवळ्या उतारांवर मध्येच एखादा पेटल्यासारखा पळस. महाबळेश्वरला घातलेला स्वेटर इथे अंगात नकोसा झाला. पुढे महाडपर्यंत सावित्री नदी सोबत होती, कधी या हाताला, कधी त्या.

महाडच्या स्थानकावर एक दाढीवाले गृहस्थ टेम्पोला टेकून उभे होते. "सांगलीच्या चिडक्या बाई तुम्हीच ना?"

"कोण म्हणालं चिडकी?"

"या बाजूने बोला, त्या कानाने ऐकू येत नाही."

हे निवृत्त हवालदार युसूफभाई मुकादम. महाडचेच. घरात वाहतुकीचा धंदा, दोन भाऊ आखातात. तोफगोळा जवळ फुटून यांचा डावा कान गेला. संस्थेत गाड्या आणि प्रवास ते बघतात. रमजान चालू होता, रोजा होता, तरी भर उन्हात मला न्यायला आले होते. मी पाण्याची बाटली काढली आणि ओशाळून परत ठेवली. "प्या हो," ते म्हणाले, "रोजा माझा आहे, तुमचा नाही."

बिरवाडीत औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या खोल्यांची रांग आहे. दोऱ्यांवर निळे गणवेश वाळत असतात. त्याच रांगेच्या टोकाला संस्थेचा गाळा. दारात सुभेदार मोरे उभे होते. उजवी बाही कोपरापासून दुमडून पिनेने लावलेली. आत मंगलताई भाकऱ्या थापत होत्या, आणि त्यांचे यजमान खिडकीशी बसून होते. त्यांच्या डोक्याला गोळी लागली, बोलणं गेलं; पण कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांना समजतं.

"अध्यक्ष मी," मंगलताई म्हणाल्या, "कारण हे दोघे एकमेकांचे हुकूम मानत नाहीत."

"मी सुभेदार आहे. त्याने मानायला पाहिजे," मोरे म्हणाले.

"मला त्या कानाने ऐकू येत नाही," युसूफभाई म्हणाले.

तांदळाची भाकरी, बिरडं (भिजवून सोललेल्या वालांची उसळ) आणि कैरीचा ठेचा. जेवताना मी विचारलं, तुम्ही या सैनिकांना नेमकी काय मदत देता? तिघंही हसले. या संस्थेची एक पद्धत आहे, आणि ती मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. जखमी सैनिकाच्या घरी पहिल्यांदा जाताना हे रिकाम्या हाताने जातात आणि त्याच्याकडे काहीतरी मागतात. पिशवी नाही, शाल नाही, फोटो तर नाहीच. विलास सैन्यात गाड्यांच्या दुरुस्तीत होता. गेल्या शिमग्यानंतर त्याने दार लावून घेतलं, तेव्हा युसूफभाईंनी टेम्पो त्याच्या अंगणापर्यंत नेला आणि खिडकीतून हाक मारली, "जवान, गाडी गरम होते. बघतोस का?"

"खरंच गरम होत होती?"

"खोटं कशाला बोलू? रेडिएटर गळत होता. विलास बरा होईपर्यंत तो मी दुसरीकडे दाखवलाच नाही."

विलासने रेडिएटर काढला, लावला. पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी आली, मग तिसरी. आणि एके दिवशी बोनेटखाली डोकं असताना तो मंगलताईंना म्हणाला, "ताई, सरकारने पाय दिला. माझा खांदा कोन देनार?"

तिथून ही लढाई सुरू झाली. भले लोक आयुष्यभर तांदूळ वाटत बसतात. समोरच्याला नक्की काय हवंय, हे विचारायची हिंमत त्यांच्यात नसते. या तिघांत होती.

दुसऱ्या दिवशी गावकीची बैठक. उमरठ मागे टाकून टेम्पो कच्च्या रस्त्याला लागला. देवळाच्या ओट्यावर मंडळी बसली होती, मध्ये गावकीचे प्रमुख तात्या. विलास खांबाला टेकून उभा. सडसडीत, तिशी ओलांडलेला, एक शब्द बोलायचा नाही असं ठरवून आलेला. त्याची बायको सुनंदा बायकांमध्ये पदर खोचून बसलेली.

तात्या वाईट माणूस नव्हते. म्हणूनच मला जास्त राग आला. "पोरगा आमचाच हाय," ते म्हणाले. "पन देवाची पालखी हाय. पडली तर गावाला खाली बघायची पाळी येल."

मंगलताईंनी विचारलं, "मागच्या साली पडली होती का?"

मग बायकांतून सुनंदा बोलली, "पडता पडता राहिली. तात्यांचा भाचा ताडी पिऊन खांद्याला होता. दोन्ही पाय होते त्याचे."

ओटा हसला. तात्यासुद्धा हसले, पण कान लाल झाले. "बरं गो बाय, पुरे," ते म्हणाले. "घेऊ दे खांदा. पन सहाणेभोवती पहिली फेरी बघू. कलली तर दुसऱ्याला द्यायची. कबूल?"

मी उठणारच होते. बाकी कुणाची परीक्षा घेता का? त्या भाच्याची घेतली होती का? सुभेदारांनी डाव्या हाताने माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. विलास पहिल्यांदाच बोलला, "कबूल."

आणि मग या शूर माणसांनी एक चूक केली, जी फक्त फौजीच करू शकतात.

बिरवाडीच्या मैदानावर सराव सुरू झाला. लांब बांबू, मध्ये वाळूच्या गोणी, पुढे विलास, मागे त्याचा वाडीतलाच मामेभाऊ पांडू. आणि समोर सुभेदार मोरे, छाती काढून: "लेफ्ट, राइट, लेफ्ट!" कारखान्यातून सुटलेले कामगार चहाचे पेले घेऊन बघायला उभे राहायचे. गोण्या वाढल्या, विलासच्या खांद्यावर वळ उठले, पण चाल अशी सरळ की बांबूवर पेला ठेवला तर सांडणार नाही. सुभेदार खूश. मीही खूश, कारण मी देशावरची. आमच्याकडे पालखी चालते. इथे कोकणात ती नाचते, हे मला ठाऊक नव्हतं. विलासला आणि पांडूला ठाऊक होतं, पण सुभेदारांपुढे बोलणार कोण?

सरावाच्या शेवटच्या संध्याकाळी युसूफभाईंच्या घरी इफ्तार केली. खजूर, भजी आणि त्यांच्या आईने केलेलं सांदण (तांदळाच्या रव्याचं वाफवलेलं गोड पक्वान्न). आई म्हणाली, "त्या पोराला सांग, मी दुआ केली. आणि मोऱ्यांना सांग, ओरडू नका, आमच्या युसूफचा एकच कान शिल्लक आहे."

होळी पेटली, विझली, आणि तो दिवस उजाडला.

वाडीत मुंबईची माणसं उतरली होती. अंगणं सारवलेली, तोरणं लागलेली. खालूबाजा (ढोल, सनई आणि झांजांचा इथला ताफा) घुमायला लागला तशी मी गर्दीतून वाट काढत पुढे जाऊन उभी राहिले. सहाणेवर रूपं (देवांचे चांदीचे मुखवटे) लागलेली पालखी. विलासने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. लपवायचं काही नाही, असं. धातूचा पाय उन्हात चमकत होता. त्याने देवाला हात जोडले, दांडीखाली गेला, आणि पालखी उठली.

सुभेदार पुटपुटले, "लेफ्ट, राइट."

ढोलाने वेगळंच काही सांगितलं. मागून पांडू नाचायला लागला, गुडघ्यात वाकून, बाजूला झुकत, लहानपणापासून नाचत आला तसा. पुढे विलास शिकवल्याप्रमाणे सरळ निघाला. दांडी पिळली. पालखी एका अंगाला कलली, झेंडूचा हार घसरून लोंबला. बायकांच्या तोंडून "अगो बाय!" निघालं. तात्यांनी हात वर केला. त्यांचा भाचा बाह्या सरसावून पुढे आला.

सुभेदार मोऱ्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. शत्रूच्या गोळीने जे केलं नसेल ते त्या ढोलाने केलं होतं.

"थांब!" विलास ओरडला. तात्यांना नाही, भाच्याला नाही, पांडूला. असा आवाज, की ढोलवाल्याची टिपरीसुद्धा हवेत राहिली. "पांड्या, पाय बाजूला नको काढूस. मी हितं रवतो. तू माझ्याभवती फिर."

त्याने नवा पाय जमिनीत रोवला, मांडवाची मेढ रोवतात तसा. दुसऱ्या पायाने हळूहळू ढकलत स्वतः वळायला लागला. "वाजव रे!" म्हणाला. ढोल सुरू झाला. मागचं टोक घेऊन पांडू सुटला, गोल, आणखी गोल, आणि पालखी त्या एका पायाभोवती गरगर फिरायला लागली. कलेना. हार आडवा उडायला लागला. मांसाचा पाय भरून येतो, थरथरतो. हा थरथरत नव्हता. आधी बायका ओरडल्या, मग पोरं, मग अख्खी वाडी. मुंबईची पोरं शिट्ट्या मारायला लागली. सुनंदा हसत होती आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेत होती.

तात्यांचा हात अजून वरच होता. त्याच हाताने त्यांनी पाटीतला गुलाल घेतला आणि विलासच्या डोक्यावर उधळला. "फिरव रे शेलारा!" ते म्हणाले. "अशी कधी फिरली नव्हती!"

पहिली फेरी कुठे संपली ते कुणी पाहिलं नाही. दुपारभर घरोघरी पालखी गेली आणि प्रत्येक अंगणात पोरं ओरडली, "हितं पन रवा काका, हितं पन!" भाच्याने मागचा खांदा मागून घेतला आणि दोन अंगणांत धापा टाकत परत दिला.

दिवस मावळताना आम्ही देवळाच्या ओट्यावर बसलो. युसूफभाईंनी घड्याळ पाहिलं, तेवढ्यात तात्या शहाळं घेऊन आले. "सोडा आता उपास," म्हणाले. सुभेदार म्हणाले, "देवाला परेड शिकवायला निघालो होतो मी."

"मी सांगत होतो," युसूफभाई म्हणाले.

"कधी सांगितलंस?"

"त्या बाजूने सांगितलं असेल."

निघताना तात्या माझ्याजवळ आले. "बाय, लिवनार तू. लिव. पन गावाचं नाव नको घालूस. चुकलं आमचं, पन आमी सुधारलं." मी शब्द दिला आणि पाळते आहे. विलासचं नाव मात्र त्याच्या परवानगीने पूर्ण लिहिलं आहे. चूक झाकली तरी चालेल, विजय झाकायचा नसतो.

परतीच्या एसटीत काच लावून बसले. घाट चढताना विचार करत होते तो या तिघांचा. एकाला हात नाही, एकाला कान नाही, एकीचा नवरा तिच्याशी बोलू शकत नाही. या तिघांनी विलासला काही दिलं का? नाही. खांदा त्याचाच होता. तो परत मिळवायच्या लढाईत ते त्याच्या बाजूला उभे राहिले, चुकीचं शिकवूनसुद्धा हटले नाहीत, आणि शेवटचा हुकूम त्याला देऊ दिला. आम्ही पत्रकं काढणारे लोक बहुतेक वेळा तो शेवटचा हुकूम स्वतःकडे ठेवतो.

आता तुम्ही. हो, वाचून बाजूला ठेवणारे तुम्हीच. तुमच्या गावात, तुमच्या मंडळात, तुमच्या भावकीत कुणालातरी "तुला झेपायचं नाही" म्हणून बाजूला काढलेलं आहे. कोण ते तुम्हाला माहीत आहे. हे वाचताना त्याचा चेहरा आलाच असेल डोळ्यांपुढे. पुढच्या बैठकीला जा. तो विषय निघण्याची वाट बघू नका. उभे राहा, त्याचं नाव मोठ्याने घ्या, आणि त्याची जागा त्याला परत मिळेपर्यंत खाली बसू नका.