अळूच्या बादलीतला बेडूक

आमच्या घरात एक गोष्ट हसत हसत सांगितली जाते, की आत्याने हात लावला आणि बेडूक मेला. ती खोटी आहे. बेडूक माझ्यामुळे मेला.

आत्या म्हणजे माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर दिरांनी बदलापूर गावातलं घर बिल्डरला दिलं आणि ती हेंद्रेपाड्यात माझ्याकडे राहायला आली. दोन ट्रंका आणि रंगाच्या बादलीत लावलेला अळू, एवढंच सामान. त्या अळूच्या पानामागे बसून झाडावरचा बेडूक आला होता. काथ्याच्या रंगाचा, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. दुसऱ्या दिवशी तो बाथरूममध्ये गिझरखाली टाइलला चिकटलेला दिसला. मी झाडू आणायला निघालो.

"राहू दे रं दादा," बहीण म्हणाली. "मी राहते तसा तोही राहील."

तो राहिला. ती त्याच्यासाठी झुरळं मिशीला धरून पकडायची. संध्याकाळी तो लाकडावर बोट आपटावं तसा टकटक करायचा आणि ती स्वयंपाकघरातून "आले, आले" म्हणायची. तिला हाक मारणारं तेवढंच कुणीतरी होतं.

पुढे एका पावसाळ्यात तो टाइलवरून घसरायला लागला. मांड्या आतून लाल झाल्या, खाणं सुटलं. आम्ही त्याला जुन्या फिश टँकमध्ये ठेवलं, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. बहिणीच्या हट्टापायी श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडून मी त्याला अंबरनाथच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. शेअर रिक्षावाल्याने डब्याकडे बघून विचारलं, "काका, श्रीखंड?"

"बेडूक."

"मग त्याची पण सीट धरू का?"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, बेडूक कातडीतून पाणी पितो, त्यामुळे अंगाला काही लावू नका, पाण्यात काही घालू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडायला ते दिवसभर भांड्यात उघडं ठेवून मग वापरा. एवढं करून जगला तर जगेल.

बहीण ते मनापासून करत होती. मला ते औषधच वाटेना. आमचे वडील मिठागरावर कामाला होते. घसा धरला, टाच भेगाळली, पायात काटा मोडला, तरी आमच्या घरात उपाय एकच, मिठाचं पाणी. बहीण पेन्शनच्या कामाला बँकेत गेली होती तेव्हा मी टँकमध्ये मूठभर मीठ टाकून ढवळलं. आयुष्यभर कारखान्याच्या लॅबमध्ये सगळं काट्यावर तोलून घेतलेला मी, त्या दिवशी मूठ भरली आणि टाकली.

बेडूक लगेच हलला. इतके दिवस निपचित पडलेला, तो काचेवर चढायला लागला. मला वाटलं, गुण आला. मी खुर्ची ओढून कौतुकाने बघत बसलो. तो जाळीपर्यंत पोचला, तिथे धडपडला आणि खाली पडला. तो बाहेर पडायला बघत होता, हे मला तेव्हा कळलं. गोड्या पाण्यात घातला, पण काही उपयोग झाला नाही. बहीण यायच्या आत मी टँक धुऊन पुसून ठेवली होती.

तिने त्याला तळहातावर घेतलं. मग म्हणाली, "सकाळी मी गुडघ्याला बाम चोळला होता. त्याच हाताने याला पानावर ठेवला का रे मी?"

"असेल," मी म्हणालो.

डॉक्टरांचं न ऐकता केलेला शहाणपणा तिला कळू नये, एवढ्यासाठी. नवरा गेला तेव्हा सासरी तिच्या पायगुणाबद्दल काय काय बोलले होते, ते मला ठाऊक होतं. तरी म्हणालो.

मग घरात थट्टा सुरू झाली. "आत्या, माझ्या मोबाइलला हात नको हं, बेडूक होईल त्याचा," माझा मुलगा म्हणायचा. तीही हसायची. मुलगा विठ्ठलवाडीला राहतो. त्याच्या मुलीच्या बारशाला सुनेने बाळ तिच्यापुढे केलं. "घ्या ना, आत्या."

"नको गं. हाताला बाम आहे माझ्या."

नव्हता. बेडूक मेला त्या दिवसापासून तिने बाम लावणंच सोडलं होतं, गुडघे कितीही ठणकले तरी. मी पेढ्यांचं ताट धरून शेजारीच उभा होतो.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं. ती चपला काढत होती.

"किती घातलंस मीठ?"

"मूठभर."

"आरं, तो काय फुटलेली टाच होता?" तिने दुसरी चप्पल काढली. "मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

ती आत जायला निघाली आणि दारातच थांबली.

"आणि मला एकटीला सांगून काय उपयोग? हसतात ते सगळे."

म्हणून हे लिहिलं. यालाही मी जवळजवळ वर्ष लावलं. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला सगळे जमतील तेव्हा वाचून दाखवणार आहे. आधी तिला वाचून दाखवलं. ती अळूची देठं सोलत ऐकत होती.

"वाच," ती म्हणाली. "पण मी तेव्हा आतल्या खोलीत बसेन."

"आणि मग नातीला घेशील ना?"

तिने देठं गोळा केली, हात पदराला पुसले.

"ती चालायला लागली, दादा. आता कुणाच्या मांडीवर टिकते ती?"