मावशीची कोपऱ्यातली खुर्ची

भेटीच्या खोलीत मावशीची खुर्ची कोपऱ्यात, खेळण्यांच्या कपाटासमोर. ज्यांची मुलं सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला दिली, ते आईबाप दर आठवड्याला इथे मुलांना भेटत. देखरेखीला नेमलेली मावशी गप्प बसून बघायची. मधे पडायचं नाही आणि दिसलं तेवढंच लिहायचं, हा तिचा शिरस्ता. मुलं परत द्यायची की नाही, ते तिच्या नोंदी वाचून ऑफिसातल्या मॅडम ठरवत. घरी नवरा वैतागायचा, "जेवताना तरी टक लावू नकोस गं. दुसऱ्यांदा वाढून घ्यायची भीती वाटते."

सध्या एक भाऊबहीण येत होते. थोरली तोंडाने तिखट, धाकटा हातापायांनी अवखळ. आईची दारू सुटून वर्ष होत आलेलं. ती वेळेआधीच यायची आणि सोफ्याच्या टोकावर बसायची, कुणी कधीही उठवेल अशी.

एकदा धाकट्याचं बोट कपाटाच्या दारात सापडलं. त्याने भोकाड पसरलं. आई अर्धी उठली नि परत बसली. फुंकर घातली ती थोरलीने. मावशीने लिहिलं : आई उठली नाही.

पुढच्या खेपेला तो सोफ्यावरून गडगडला. आई पुन्हा अर्धवट उभी, नजर कोपऱ्यात.

"तिच्याकडे काय बघतेस?" थोरली कडाडली. "ती बोलतच नसते! पुतळा आहे तो."

मावशीचं पेन थबकलं. भेट संपल्यावर तिने शिरस्ता मोडला आणि आईला पॅसेजमध्ये गाठलं.

"ताई, पोरगा पडला तेव्हा उचललं का नाहीत?"

"उचलायचं असतं?" आई गडबडली. "म्हणजे... इथे खाऊ द्यायचा तर विचारून, फोटो काढायचा तर विचारून. रडल्यावर जवळ घ्यायचं ते कुणाला विचारायचं, कळेना. तुम्ही मान हलवाल म्हणून बघत होते."

"मी मान हलवत नाही."

"ते कळलं हो. मानेला काही झालंय की काय, असंही वाटून गेलं."

बैठकीत मॅडमनी जुनं पान पुढे सरकवलं. "तुम्हीच लिहिलंय, उठली नाही."

"अर्धंच लिहिलं मी. उठली होती. माझ्याकडे बघून बसली."

"मग द्यायची म्हणता मुलं?"

"ते नाही सांगता येणार. मी समोर आहे तोवर ती आई म्हणून कशी आहे, कुणालाच कळायचं नाही."

"आणि तुम्ही नसताना काही झालं, तर निस्तरणार कोण?"

"दाराबाहेर बसते मी."

पुढची भेट आईच्या घरी झाली. मावशी जिन्याच्या पायरीवर. आत काहीतरी धाडकन पडलं आणि ओळखीचं भोकाड उठलं. मावशीचा हात दाराकडे गेला. तिने तो मांडीखाली दाबून धरला. भोकाड चढलं, मग दबलं, कुणाच्या कुशीत तोंड खुपसल्यासारखं.

"सरक, मी फुंकर घालते," थोरलीचा आवाज आला.

"तू खेळ गं. मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वाचलं : धाकटा रडला. थांबला. मी बघितलं नाही.

"बघितलं नाही? हा काय रिपोर्ट झाला?"

"ऐकलं ते खाली लिहिलंय."

मॅडमनी खालच्या दोन ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि मुलं महिनाभर आईकडे ठेवून बघायच्या कागदावर सही केली.