शेजाऱ्याचा स्वयंगोल

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवली की वितळत्या तेलाचा वास सुटतो आणि मी थेट जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला पोचतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मी तिथे मुलाकडे, मंदारकडे, राहायला गेलो होतो. तिथे बाटली हीटरवर ठेवावी लागे.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक स्पॅनिश फुटबॉलपटू राहायचा. गावातल्या छोट्या क्लबचा बचावपटू. करार वाढणार की नाही, हे उरलेल्या दोन-तीन सामन्यांवर ठरणार होतं. एका सकाळी त्याचे बूट दाराबाहेर वाळत होते. चामडं पापडासारखं कडक. मला राहवेना. बाळाला मालिश करावं तसं वाटीभर तेल मी दोन्ही बुटांत जिरवलं.

दुपारी मंदारने मला सामन्याला नेलं. शेवटच्या मिनिटांत त्या पोराने चेंडू आपल्याच गोलकीपरकडे ढकलला. तो बुटावरून सुळकन सटकला आणि स्वतःच्याच जाळ्यात गेला.

"बाबा, असा कसा सटकला हो?"

"थंडी किती आहे बघ ना," मी म्हणालो.

करार वाढला नाही. निरोपाला आला तेव्हा तो माझा हात धरून बराच वेळ बोलला. मंदारने सांगितलं, "त्या गोलवरून अख्ख्या गावाने त्याला शिव्या घातल्या म्हणे. फक्त तुम्ही चकार शब्द काढला नाहीत."

मला एकच जर्मन शब्द येत होता, 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'. तोच म्हणालो. त्याने मला घट्ट मिठी मारली.

मंदार, वाचतोयस ना? तो गोल माझा होता.