शंभर टक्के नळाचं पानी

माझी शेजारीन रखमा. बाहात्तरच्या दुष्काळात आमी दोघी नवऱ्यांसंगट जालन्याकडनं तुर्भ्याला आलो आनि जयप्रकाश सेठच्या खदानीत खडी फोडायला लागलो. बाई हसरी, मायाळू. पन तिनं डूख धरला, तर नागिनीनं शिकावं तिच्याकडनं. जन्मात एकाच मानसावर धरला, आनि तो काय उगाच न्हाई.

वस्तीला एकच नळ, त्योबी रस्त्याच्या पल्याड. मधून दिवसभर खडीचे ट्रक. ह्या अंगाला नवा नळ आनायचं वर सरकारात चाललं होतं. तवाच सेठचा कारकून सुभाष खदानीवर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद, संगं मुकादम. एकेकाला विचारायचा, "पाणी नळाचंच पिता ना?"

रखमा म्हनली, "नळाचंच की, साहेब. दुसरं कुठलं पिनार?" आमी समद्यांनी तेच सांगितलं. खरंच होतं ते.

त्या मेल्यानं वर काय लिहून धाडावं? सेठच्या वस्तीत शंभर टक्के घरांना नळाचं पानी! झालं. मग नवा नळ कशाला हवा? त्या नळासाठी आलेला पाइप गेला सेठच्या खडीच्या क्रशरला, धूळ बसवायला.

त्याच उन्हाळ्यात रखमाची पोरगी सरस्वती हंडा घेऊन रस्ता ओलांडत होती. ट्रक आला. पोर वाचली, पन गुडघ्याखालचा पाय गेला. तिचा बाप भगवान धाय मोकलून रडला. रखमा न्हाई रडली. मला म्हनली, "दुर्गे, माझ्याच तोंडचा शब्द नेला त्यानं, आनि त्या शब्दानं माझ्या पोरीचा पाय नेला. सोडनार न्हाई मी."

पुढच्या साली पंचायतीची निवडनूक आली. सेठ हुबा ऱ्हायला. समोर गावातला गोटीराम. त्यो म्हनला, निवडून आलो तर आधी तुमच्या अंगाला नळ. पुन्हा सुभाष कागद घेऊन खदानीवर हजर. "मत कोणाला देणार?" शेजारी पुन्हा तोच मुकादम. अवो, सेठच्या खदानीत हुबं ऱ्हाऊन सेठला नको कोन म्हनंल? दुसऱ्या दिवशी हातोडा काढून घ्यायचे.

माझा नवरा सिताराम तापट. तोंडावर सांगतो म्हनून निघाला होता. रखमानं त्याला आडवलं. "खुळा का काय तू? सेठचंच नाव सांग. हसून सांग. मतपेटीपाशी मुकादम नसतो."

घरोघर फिरली ती. सुभाषला तर आपल्या हातानं चहा पाजला. "वस्ती समदी सेठची, साहेब. विचारताय काय!" मेला फुगला. त्यानं सेठला सांगितलं, शंभरातली नव्वद मतं आपली. सेठ निर्धास्त झाला. वस्तीत फिरकलासुदिक न्हाई. मतमोजनीच्या आधीच बँड सांगितला, पेढ्यांच्या पाट्या आनून ठेवल्या.

पेटी उघडली आनि सेठ सपाटून पडला. आमच्या वस्तीतनं त्याला नावाला मतं. बँडवाले आलेच होते, ते गोटीरामच्या म्होरं वाजवत गेले. पेढे आमी खाल्ले. काय गोड लागले म्हनून सांगू!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सुभाष वस्तीत आला. तोंड उतरलेलं, घामानं निथळत होता. "सेठनं मला काढून टाकलं. तुम्ही सगळे माझ्याशी खोटं बोललात, रखमाबाई. का?"

"बसा, साहेब," रखमा म्हनली. "घसा सुकला असंल. सरस्वते, साहेबाला पानी आन."

पोरीनं काखेत कुबडी घेतली, तांब्या उचलला आनि रस्त्याकडं निघाली.

"कुठं चालली ही?"

"नळावर."

सुभाष ताडकन उठला. "नको, नको. मला पाणी नको."

"बसा म्हनलं ना!" रखमा कडाडली. सारी वस्ती दारात येऊन हुबी. रखमा गेली आनि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात आडवे करून थांबली. ट्रकवाले भोंगे वाजवत होते, आयमाय काढत होते. ती हालली न्हाई. पोर लंगडत पल्याड गेली, नळाच्या रांगेत थांबली, लंगडत माघारी आली. निम्मं पानी वाटंतच सांडलं. सुभाषनं मान खाली घातली, तवा मी त्याला म्हनलं, "वर बघा, साहेब. नीट बघा."

सरस्वतीनं तांब्या त्याच्या हातात दिला.

"प्या," रखमा म्हनली. "नळाचंच हाय. शंभर टक्के."

त्यो प्याला. तांब्या रिकामा होईस्तवर आमी त्याला उठू दिलं न्हाई.