लेनोराच्या ओट्यावरची अकरा भांडी

आमच्या हार्लन्स फेरीत कुणी मेलं की त्या घरची चूल बंद होते आणि बाकी गावाच्या पेटतात. दुपारपर्यंत मेलेल्याच्या ओट्यावर तळलेली कोंबडी, उकडलेला हॅम, मॅकरोनी, रताळ्याचं पुडिंग, सगळं हजर. प्रत्येक भांड्याच्या बुडाला कापडी चिकटपट्टी लावून त्यावर मालकिणीचं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे परत करताना घोळ नको. आणि परत करायचं ते रिकामं कधीच नाही.

लेनोरा टिडवेल चांगली जिवंत असताना तिच्या ओट्यावर अशी अकरा भांडी आली. त्यातलं एक माझं होतं. मी वर्ना हॅटन, या गावच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं होते.

लेनोरा जज्ज टिडवेलांची एकुलती एक लेक, आणि माझ्या वर्गातली. बाप गेल्यावर त्याची हॅट घालून गावभर हिंडायची. इस्त्रीच्या फळीवर वही ठेवून उभ्यानं लिहायची, कारण बसलं की झोप येते म्हणे. रात्री मात्र तिला झोप नसायची. डोकं दुखायला लागलं की चार-चार दिवस खिडक्या बंद, आणि पाचव्या दिवशी कागदांचं पुडकं घेऊन माझ्या खिडकीशी हजर, ओठांवर व्हिस्कीचा वास. तिच्या पहिल्या कादंबरीत एक दारुडा पाद्री होता. तो कोण हे सगळ्या गावाला कळलं आणि गाव पोट धरधरून हसलं. तेव्हा ती आमची लाडकी होती. दुसऱ्याच्या घरातली धुणी बाहेर येतात तोवर लेखिका सगळ्यांनाच आवडते.

मग १९५३चा मे आला. त्या महिन्यात एका रविवारी आम्ही सगळे दफनभूमीत जातो, आपापल्या माणसांच्या कबरी झाडतो, फुलं वाहतो आणि देवदारांखाली चादरी पसरून जेवतो. लेनोरा ताट हातात घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आयझेया पूलला कुठं पुरलंय हो? त्याच्यावरही चार फुलं टाकीन म्हणते."

शंभर माणसांचे काटेचमचे थांबले. आयझेया पूल आमचा नावाडी, काळा माणूस. १९२१ साली गावातल्याच नऊ जणांनी त्याला तुरुंगातून काढून नदीवर नेऊन मारलं. तुरुंगाची किल्ली जज्जसाहेबांनी स्वतःच्या हातानं दिली आणि मग घरात येऊन ते जेवायला बसले. बारा वर्षांच्या लेनोरानं जिन्यातून ते पाहिलं होतं. बत्तीस वर्षं गावानं त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

"तू हे लिहितेयस की काय?" मी तिला बाजूला ओढून विचारलं.

"लिहून होत आलंय. नऊच्या नऊ जण, आणि दहावा माझा बाप."

"नावं तरी बदल गं बाई!"

"बदलून काय होणार? गावाला कळायचं ते कळेलच." आणि ती शांतपणे पुडिंग खायला लागली.

दोन आठवड्यांनी शेरीफची बायको मर्टल कॉब माझ्या खिडकीशी आली. एक तिकीट घेतलं, ते जिभेवर ओलं केलं आणि म्हणाली, "वर्ना, शुक्रवारी तुझी ती मॅकरोनी कर. लेनोराकडे न्यायचीय."

"अगं बाई! कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," मर्टल म्हणाली. "आणि हे बघ, पट्टी काढून टाक."

मी नाही म्हणायला हवं होतं. गाव करी ते राव न करी म्हणतात, आणि मी तर साधी टपालवाली. शुक्रवारी पहाटे मी भांड्याची पट्टी नखानं खरवडली आणि ते तिच्या ओट्यावरच्या रांगेत नेऊन ठेवलं. दहा आधीच आलेली होती. एकालाही नाव नव्हतं.

पण गावातल्या शहाण्या बायका एक गोष्ट विसरल्या. चाळीस वर्षं एकमेकींच्या मयतीत जेवलेल्या आम्ही. पट्टी काढली म्हणून कुणाचं भांडं ओळखू येत नाही की काय?

लेनोरानं अकराही धुतली. दहांत अंजिराचा मुरंबा भरला. आणि भर दुपारी, बापाची हॅट घालून, ती एकेक भांडं ज्याचं त्याच्या दारात पोचवू लागली. मर्टलच्या दारातलं सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"घे मर्टल, तुझं भांडं."

"माझं नव्हे ते."

"नाही कसं? हा काठ माझ्या आईच्या मयतीच्या दिवशी उडाला. तूच आपटलंस, माझ्यादेखत. मुरंबा गोड झालाय हं."

मर्टलचे हात पुढे येईनात. लेनोरानं भांडं पायरीवर ठेवलं आणि पुढचं घर धरलं.

सगळ्यात शेवटी ती माझ्याकडे आली. माझ्या भांड्यावर फडकं बांधलेलं होतं.

"तू पण, वर्ना?"

मी भांडं तिच्या हातातून घेतलं.

"जाऊ दे. मुरंबा संपला, म्हणून तुझ्यात हे भरलंय." फडक्याखाली अख्खी कादंबरी होती, वर न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता. "दुसरी प्रत नाही. घरात ठेवायची भीती वाटते गं. आज जाईल ना?"

"चारच्या गाडीनं," मी म्हणाले. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

साडेतीनला शेरीफ आला. काउंटरला टेकून, गाडी येऊन जाईपर्यंत सफरचंद सोलत उभा राहिला. मी पुडकं काउंटरखाली सरकवलं. सोमवारी पाठवू, मनाशी म्हटलं.

रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना टिडवेलांचं घर जळालं. लेनोरा तेव्हा नदीवर होती. चर्चमध्ये तीन बाकं रिकामी होती, आणि ती कुणाची हे मला न वळताही सांगता आलं असतं.

लेनोरा रस्त्यात उभी राहून ओरडत होती, "जाळा! खुशाल जाळा! पुस्तक गेलंय न्यूयॉर्कला!" लोक म्हणाले, बिचारीचं डोकं फिरलं. दोन डॉक्टरांनी सह्या केल्या आणि वेड्यांच्या सरकारी इस्पितळाची मोटार तिला घेऊन गेली. सोमवारीही मी पुडकं पाठवलं नाही. मंगळवारी ते घरी नेलं.

तिथून तिला एकाच माणसाला पत्र लिहायची मुभा होती. तिनं माझं नाव दिलं. दर महिन्याला एक ओळ यायची, "वर्ना, न्यूयॉर्कहून काही आलं?" न्यूयॉर्कहून कादंबरीची विचारणा करणारी दोन पत्रं तिच्या नावे आली होती. तीही माझ्याच कपाटात होती. मी लिहायची, "अजून नाही." चौदा वर्षं लिहिलं. माझ्यासारखी नीच बाई या जिल्ह्यात नसेल.

गेल्या मंगळवारी ती तिथंच वारली. मातीला मी आणि पाद्री, दोघंच. ओटा तर उरलाच नव्हता. मॅकरोनी केली होती ती घेऊन मी तशीच घरी आले आणि कपाट उघडलं.

आज पुडकं बांधलं. वर कापडी पट्टी लावून ठळक अक्षरात माझं नाव लिहिलं. टपाल कचेरीत आता मर्टलचा मुलगा रॉय बसतो, चाळिशीचा, बापासारखाच थंड. त्यानं पत्ता वाचला, पट्टी वाचली.

"मिस वर्ना, काय आहे हो यात?"

"लेनोरा टिडवेलची कादंबरी."

"पाठवतो हं. सोमवारी." आणि त्यानं ते काउंटरखाली सरकवलं.

ती जागा मला माहीत नव्हती थोडीच!

"वर काढ, रॉय. मला दिसेल असं ठेव. चारची गाडी येईपर्यंत मी इथेच उभी आहे."

त्यानं ते वर ठेवलं. मग माझ्याकडे बघत फोन उचलला आणि म्हणाला, "आई, जरा ऐक..."

पुडकं माझ्या डोळ्यांदेखत गाडीत चढलं. मर्टल शहात्तरची झालीय, पण तिचा फोन अजून चालतो. शुक्रवारी माझ्या ओट्यावर भांडी येतील, नावं खरवडलेली. अंजिराचा मुरंबा आहे घरात. कुठलं भांडं कुणाचं, ते मलाही ओळखता येतं.