परवानगीबाई

परवानगी घेतल्याशिवाय त्या कुणाला साधा सल्लाही देत नसत. समोरचा माणूस साखरेने आतून पोखरला जातोय, त्याचा रिपोर्ट हातात आहे, सांगण्यासारखं जिभेवर आलेलं आहे, तरी बाई आधी विचारायच्या, "काका, याबद्दल मला थोडी माहिती आहे. सांगू का?" कुणी नको म्हटलं तर खरोखरच सांगत नसत. म्हणून घाटकोपरच्या त्या मधुमेह केंद्रात बाहेरच्या बाकांवर बसणाऱ्या आम्ही पेशंट मंडळींनी त्यांचं नाव परवानगीबाई पाडलं होतं. खरं नाव वैशाली. दारावरच्या पाटीवर 'आरोग्य प्रशिक्षक' असं लिहिलं होतं आणि त्याचा अर्थ आमच्यापैकी कुणालाही धड माहीत नव्हता.

ज्याला मधुमेह आहे, त्यालाच या परवानगीचं मोल कळेल. तुम्हाला साखर निघाली की सगळं जग वैद्य होतं. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी लिफ्टमध्ये गाठून कारल्याचा रस सांगायचा, भाजीवाला जांभळाच्या बियांची पूड. माझ्या बायकोच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या एका पाहुण्याने तिच्या फोटोला फूल वाहिलं, हात जोडले आणि वळून मला म्हणाला, "साळवे, भात मात्र आता बंद करा." मी बरं म्हटलं. त्या दिवशी मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

सुनंदा अचानक गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यापाशीच खाली बसली, ती बसलीच. माझं इन्सुलिन हे तिचं खातं होतं. पेनवर आकडा लावून ती हातात द्यायची, मी शर्ट वर करायचो, एवढंच माझं काम. ती गेल्यावर लोक म्हणाले, साळवे, रडून घ्या, मोकळं वाटेल. रडू आलं नाही. पेन फ्रिजच्या दारात होतं. दूध काढताना ते दिसायचं, मी दूध काढायचो आणि दार लावायचो. मरायचं होतं असं मुळीच नाही. काहीच करायचं नव्हतं.

प्राजक्ता, माझी मुलगी, ऑफिसला निघताना रोज विचारायची, "बाबा, इन्सुलिन घेतलं का?" मी हो म्हणायचो. तिच्या कंपनीने तिला बंगळुरूला मोठ्या जागेवर बोलावलं होतं आणि ती उत्तर लांबवत होती. "बाबांना असं टाकून कशी जाऊ गं मावशी?" हे तिचं फोनवरचं बोलणं मी आतल्या खोलीत पडल्यापडल्या ऐकलं होतं. ऐकून वाईट वाटायला हवं होतं. पंखा बघत पडून राहिलो. पुढच्या आठवड्यात तिनेच मला धरून त्या केंद्रात नेलं.

बाई चाळिशीच्या, सावळ्या, अंगाने भरलेल्या. वेसाव्याच्या कोळीवाड्यातून रोज मेट्रोने घाटकोपरला यायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "काका, आज आपण कशाबद्दल बोललो तर इथे आल्याचं सार्थक झालं असं वाटेल?" मी म्हणालो, "कशाबद्दलच नाही." मला वाटलं, आता भाषण होणार. त्या म्हणाल्या, "चालेल," आणि बसून राहिल्या. मोबाइल नाही, कागद चाळणं नाही, घड्याळाकडे बघणं नाही. मी टेलिफोन खात्यात तीस-एक वर्षं काढलेला माणूस. लाइन बंद पडलीय की पलीकडे कुणीतरी रिसीव्हर धरून गप्प आहे, एवढं मला कळतं. बाई रिसीव्हर धरून होत्या. शेवटी मीच कंटाळून म्हणालो, "माझी बायको गेली." त्या म्हणाल्या, "हं." पुढे काही नाही, आणि मला ते पुरलं.

त्यांची दुसरी एक खोड होती, तिचा सुरुवातीला मला भारी वैताग यायचा. आपण जे बोलू तेच त्या जरा फिरवून आपल्यालाच परत द्यायच्या. मी म्हणायचो, "सकाळी उठावंसं वाटत नाही." त्या म्हणायच्या, "दिवस सुरू करायलाच काही कारण दिसत नाही." एकदा मी चिडून म्हणालो, "अहो, हे तर घरी पोपट पाळला असता तरी झालं असतं!" बाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी नुसती बोलते, ऐकत नाही असं वाटतंय?" पुन्हा तेच! पण तसं वाटत नव्हतं हेही खरं. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते जरा तपासून बघता येतं. चुकलेलं असलं तर आपणच म्हणतो, नाही, अगदी तसं नाही, आणि मग खरं काय ते बाहेर पडतं.

रागवायचं हे तर त्यांच्या गावीच नव्हतं, आणि पेशंटांची पंचाईत व्हायची ती तिथेच. आमच्यात सगळ्यांची एक रीत होती. रक्त द्यायच्या आधी तीन-चार दिवस कडकडीत पथ्य करायचं, गोड बंद, भात बंद, आणि रक्त देऊन बाहेर पडलं की समोरच्या गाडीवर जिलेबी. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकल्यासारखं. पण तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी असते, तिच्यापुढे ही हुशारी चालत नाही. आमच्याबरोबर एक कामतकाकू असायच्या, मालवणच्या. त्यांची चोरी तशी पकडली गेली तेव्हा बाई फक्त म्हणाल्या, "ते तीन दिवस तुम्ही फार निभावलंत हो काकू. कसं जमवलंत?" काकू रडकुंडीला आल्या. "गो बाय, एकदा ओरड तरी माका!" "ओरडले तर काय होईल काकू?" "माका बरा वाटतला. आनि घराक जावन मी परत खातलंय." सगळं केंद्र हसलं. काकूही हसल्या, पण त्या दिवशी आत जाऊन बराच वेळ बसल्या.

आता या बाई जन्मजात शांत होत्या असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. दुपारी त्यांच्या आईचा फोन यायचा. मग तीच बाई दाराबाहेर उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा कोळी आवाजात, "गोली घेतलीस काय गो? नाय? कवा घेशील मग, मेल्यावर?" मी एकदा टोकलं, "बाई, इथे परवानगी नाही का विचारायची?" त्या ओशाळल्या. "घरचा पेशंट कुणालाच जमत नाही, काका. मला तर नाहीच जमत. परक्याचं ऐकताना माझं काही जात नाही. आईचं ऐकायला बसले की मला भीती वाटते, आणि भीती वाटली की मी ओरडते."

चौथ्या की पाचव्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "इन्सुलिन परत सुरू करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे फार." मी म्हणालो, "दोन." मला वाटलं, आता विचारतील, दोनच का? त्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. आयुष्यभर लोकांनी मला कमीच का, हेच विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "दोन. मग शून्य का नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मग माझ्या तोंडून आलं, "पोरगी अडकून पडलीय. मी नीट झालो तर ती जाईल." बाई म्हणाल्या, "ती जावी असं तुम्हाला वाटतं." मी म्हणालो, "हो." मला काहीतरी व्हावंसं वाटतंय, असं सुनंदा गेल्यापासून मी पहिल्यांदाच बोललो होतो. उत्साह वगैरे काही आला नाही. घरी जाऊन पेन काढलं, चष्मा लावून आकडा लावला आणि टोचून घेतलं. सुनंदाचा हात हलका होता.

आता पायाचं सांगतो. केंद्रात पाय तपासायची पद्धत होती. बाईंनी मला दोनदा विचारलं होतं, "काका, पाय बघू का?" दोन्ही वेळा मी नको म्हणालो. मोजे काढायचे, परक्या बाईसमोर पाय पुढे करायचे, लाज वाटायची, आणि शिवाय पायाला काही होतच नव्हतं. होतच नव्हतं, कारण तळव्यांना काही कळेनासं झालं होतं. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली त्या दिवशी मी आत शिरलो आणि बाई बोलता बोलता थांबल्या. नाकपुड्या जरा हलल्या. खुर्ची सोडून त्या सरळ माझ्यापुढे जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज विचारत नाही. मोजा काढा." मी हलेना, तेव्हा त्यांनी स्वतःच काढला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. माझ्या बुटात खालून खिळा वर आला होता आणि किती दिवस मी त्यावर पाय देऊन चालत होतो, मला माहीत नाही.

त्याच दुपारी त्यांनी मला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं आणि प्राजक्ताला बोलावून घेतलं. बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं. मी बरं म्हटलं. प्राजक्ताने माझ्यादेखत बंगळुरूला फोन लावला आणि उत्तरासाठी आणखी मुदत मागून घेतली.

बाई भेटायला आल्या. पेशंटला द्यायचा धीर त्यांनी दिला नाही. पलंगाशेजारी स्टुलावर बसून त्या म्हणाल्या, "काका, तिसऱ्यांदा मी तुमचं ऐकलं नाही ते चुकलं, की आधी दोनदा ऐकलं ते चुकलं, मला कळत नाही." मी म्हणालो, "पाय माझा होता." त्या म्हणाल्या, "हो. म्हणूनच कळत नाही." डोळे भरून आले होते त्यांचे. माझ्या बोटासाठी कुणीतरी रडतंय आणि मी कोरडा, याची मला गंमत वाटली. पण त्या दिवसापासून मला ही बाई फार आवडायला लागली.

जखम भरली. पायाची जाण काही परत आली नाही, ती येतही नाही. बाईंनी एक छोटा आरसा दिला. रोज अंघोळीनंतर तळवा आरशात बघायचा. "जिथे कळत नाही, तिथे बघायचं. कळेल तेव्हा बघू म्हटलं तर उशीर होतो." मी बघायला लागलो. इन्सुलिन घेत होतो, बूट घालायच्या आधी झटकत होतो, भाताची वाटी लहान केली होती. प्राजक्ताने पंधरवडाभर मला लांबून पाहिलं आणि एका सकाळी विचारायचं बंद केलं. पुढच्या तीन महिन्यांचा रिपोर्ट बरा आला, तेव्हा तिने बंगळुरूला होकार कळवला.

त्याच सुमारास केंद्राचे चालक बदलले. नव्या मंडळींनी हिशेब केला की एका पेशंटला पाऊण तास ही चैन आहे, दहा मिनिटं बास. बाकीचं मोबाइलवर येईल. ते आलंही. 'शाब्बास! आज पाणी प्यायलात का?' परवानगीबाईंनी दहा मिनिटांत ऐकून बघितलं, जमेना. मालाडच्या एका दवाखान्यात त्यांनी नोकरी धरली. शेवटच्या दिवशी कामतकाकूंनी त्यांना कुळथाची पिठी दिली आणि हमसून रडल्या. माझी पाळी आली तेव्हा बाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "मला जे समजलं ते सांगते. चुकलं तर थांबवा, राहिलं तर सांगा." आणि माझं सगळं वर्ष त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. सुनंदा, पेन, पाय, प्राजक्ताचं जाणं. कौतुकाचा एक शब्द जास्त नाही.

मी म्हणालो, "एक राहिलं. प्राजक्ताची आई गेली, हे आम्हा बापलेकीच्या बोलण्यातच आलं नाही कधी. माझी बायको गेली, एवढंच चाललंय."

बाई म्हणाल्या, "घरचं अवघड असतं, काका." मग उठून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मला भरून यायला हवं होतं. आलं नाही. "येतो," म्हटलं आणि पायऱ्या जपून उतरलो. त्यानंतर त्यांची भेट नाही. त्यांच्याकडे पाऊण तास मिळतो का, हे मालाडला जाऊन बघायचं राहून गेलंय.

प्राजक्ता जायच्या आधीच्या रविवारी दुपारी तिची बॅग पलंगावर उघडी होती आणि ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारात उभा राहिलो. आईची आठवण येते का, असं विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती आणि संपलं असतं. मी विचारलं, "आई गेल्यापासून तुझं काय चाललंय गं आत?"

तिने घडी घालायची थांबवली नाही. एक कुर्ता झाला, दुसरा झाला. मी गप्प राहिलो. मला काहीतरी बोलावंसं फार वाटत होतं, राहू दे म्हणावंसं वाटत होतं. तिसरा कुर्ता तिने हातातच धरून ठेवला.

"मला तिचा राग येतो बाबा," ती म्हणाली. "तुमचं सगळं तिने स्वतःच केलं. तुम्हाला काही शिकवलं नाही, मला काही सांगितलं नाही. आणि एका सकाळी सगळं माझ्या अंगावर टाकून गेली. मला रडायलासुद्धा वेळ दिला नाही तिने. आणि तुम्ही तर नुसते पंखा बघत पडलेले."

सुनंदाची बाजू घ्यायला माझ्या तोंडाशी किती शब्द आले. मी ते गिळले. म्हणालो, "आईही गेली आणि बापही नव्हता."

ती पलंगाच्या कडेला बसली आणि रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. मी बॅग जरा सरकवली आणि तिच्या शेजारी बसलो. मला रडू आलं नाही, आतमध्ये काही हललंसुद्धा नाही. पण ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत मी तिथून उठलो नाही.